कपाटातला जुना वेबकॅम आणि माझा रविवार
परवा कपाट आवरताना एक जुना वेबकॅम सापडला, वर नाव नाही, मॉडेल नंबरचा स्टिकर केव्हाच घासून गेलेला, आणि पीसीला लावला तर नुसतंच 'अननोन डिव्हाइस'. आता ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, शोधणार तरी कशाचा?

पण नाव पुसलं तरी आतली ओळख पुसत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, मग हार्डवेअर आयडीज. तिथे व्हीआयडी आणि पीआयडी असे चार-चार अक्षरी दोन कोड दिसतात, पहिला कंपनीचा, दुसरा मॉडेलचा. ०४६डी दिसलं की लॉजिटेक. ०सी४५ असेल तर मात्र ती आतल्या चिपवाल्याची ओळख, डब्यावरचं नाव काहीही असू शकतं, म्हणून मी ब्रँड सोडून थेट कोडच सर्च करतो. लिनक्सवर 'एलएसयूएसबी' कमांड दिली की एका ओळीत काम.

खरी गोम यूव्हीसीची, म्हणजे यूएसबी कॅमेऱ्यांसाठीच्या सामाईक स्टँडर्डची आहे. हे स्टँडर्ड २००३ साली आलं, ते पाळणारा कॅमेरा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतो, पण त्याआधीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना स्वतःचा ड्रायव्हर लागतो आणि तो ३२ बिटचा असेल तर ६४ बिट विंडोजवर चालतच नाही. माझा नेमका तसलाच निघाला! जुन्या लिनक्स लॅपटॉपवर मात्र जीएसपीसीए ड्रायव्हरने गुपचूप उचलला.

आणि हो, आधी मधला यूएसबी हब काढून थेट पोर्टला लावून बघा, कॅमेऱ्याची प्रायव्हसी परमिशनही बघा. मी अर्धा तास यातच घालवला होता.