पाचोळ्याचे कोठार

महाविद्यालयाच्या आवारातील खतप्रकल्पाची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा माझा सगळा विचार खरकट्याभोवती फिरत होता: वसतिगृहाच्या खानावळीतून रोज किती निघते, ते वेगळे कोण करणार, दुर्गंधी सुटली तर तक्रारी कोणाकडे जाणार. काही वर्षे हे काम केल्यावर आता वाटते की मी सुरुवातच चुकीच्या टोकाकडून केली होती. खरकटे कधी कमी पडत नाही. कमी पडतो तो पाचोळा, आणि तोही नेमका सत्राच्या मध्यावर, जेव्हा झाडांखाली वेचण्यासारखे काहीच उरलेले नसते.

कचरा कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना ऊर्जेसाठी कार्बन लागतो आणि वाढीसाठी नायट्रोजन. एक भाग नायट्रोजनामागे २५ ते ३० भाग कार्बन असला की त्यांचे काम सर्वांत वेगाने चालते. खरकट्यात हे प्रमाण साधारण १५ असते, तर वाळलेल्या पानांत ते झाडाच्या जातीनुसार ४० ते ८० पर्यंत जाते. शिवाय खरकट्याच्या वजनापैकी सुमारे ८० टक्के भाग निव्वळ पाण्याचा असतो, आणि ढिगाला ओलावा हवा असतो तो ५० ते ६० टक्के. हा हिशेब कागदावर मांडला, तर १०० किलो खरकट्याला ५० किलोच्या आसपास कोरडा पाचोळा लागतो आणि तेवढ्याने कार्बन व ओलावा ही दोन्ही प्रमाणे एकदमच जुळतात. मात्र पाचोळा वजनाला अतिशय हलका असल्याने हे ५० किलो आकारमानाने खरकट्याच्या तीन-चार पट भरतात, ही गोष्ट ते प्रत्यक्ष उचलून आणेपर्यंत लक्षात येत नाही.

समजा, खानावळीतून रोज २०० किलो खरकटे निघते आणि ती वर्षातून २०० दिवस चालू असते. म्हणजे खरकटे झाले ४० टन आणि त्याला लागणारा पाचोळा २० टन. खरकटे रोजच्या रोज, जवळपास ठरावीक मापाने येते. पाने मात्र वर्षातील मोजक्या आठवड्यांत एकदम गळतात, आणि आवार स्वच्छ दिसावे या घाईत ती गाडीत भरून बाहेर पाठवली जातात किंवा, त्याहून वाईट म्हणजे, कोपऱ्यात पेटवली जातात. म्हणून आमच्या प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाची वस्तू कोणती, असे कोणी विचारले तर मी खताच्या टाक्यांकडे बोट न दाखवता जाळीच्या त्या उंच पिंजऱ्यांकडे दाखवतो, ज्यांत वर्षभराचा पाचोळा साठवलेला असतो. वर पावसापासून आच्छादन, इमारतींपासून आणि विजेच्या तारांपासून पुरेसे अंतर आणि जवळच पाण्याचा नळ, एवढी काळजी पुरते. पाने यंत्रातून बारीक करून घेतली की त्यांना जागा बरीच कमी लागते आणि ती कुजतातही लवकर. आख्खी पाने ओली झाली की एकमेकांना चिकटून त्यांचे थर बनतात आणि त्यांतून हवा जात नाही.

बागेतून आलेले सगळेच ‘सुके’ असते, ही समजूत मला पहिल्याच वर्षी महागात पडली. पाचोळा संपल्यावर मी मैदानावरचे नुकतेच कापलेले गवत ढिगात घालू लागलो. ताज्या गवतातील कार्बन-नायट्रोजनाचे प्रमाण जवळजवळ खरकट्याइतकेच असते, त्यामुळे मी आगीत तेलच ओतत होतो. तिसऱ्या दिवशी अमोनियाचा असा उग्र दर्प सुटला की शेजारच्या वर्गाच्या खिडक्या बंद कराव्या लागल्या. तेव्हापासून मी वासावरूनच निदान करतो: अमोनियाचा वास म्हणजे नायट्रोजन जास्त झाला, म्हणून पाचोळा घाला; कुजक्या अंड्यांचा वास म्हणजे आत हवा नाही, म्हणून ढीग वरखाली करा आणि फांद्यांचा जाडसर चुरा मिसळा.

ढीग किमान एक घनमीटरचा असला तर आतील उष्णता टिकते आणि तापमान काही दिवसांतच ५५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. उघड्या ढिगातील रोगजंतू नष्ट व्हावेत म्हणून हे तापमान १५ दिवस टिकवायचे आणि त्या काळात ढीग पाच वेळा पलटायचा, असा दंडक मोठ्या प्रकल्पांत पाळला जातो. तापमान ७० च्या पुढे जाऊ लागले, तर उपयोगी जीवाणूही मरू लागतात, म्हणून लांब दांड्याचा तापमापक आणि रोजची नोंदवही यांना पर्याय नाही. हे काम विद्यार्थी आवडीने करतात. पहाटे ढीग उकरल्यावर निघणारी वाफ पाहायला तर न बोलावताही येतात.

कचरा वेगळा करण्याच्या बाबतीत मात्र माझे मत थोडे कडवट आहे. दरवर्षी नवे विद्यार्थी येतात आणि दरवर्षी ढिगात चमचे, फळांवरची चिकटपत्रे आणि ‘कंपोस्ट होणारे’ असे छापलेले पेले सापडतात. हे पेले बहुधा पॉलिलॅक्टिक आम्लाचे, म्हणजे वनस्पतींपासून बनवलेल्या प्लास्टिकचे असतात आणि ६० अंशांच्या आसपासची उष्णता दीर्घकाळ मिळाली तरच कुजतात. आमच्या ढिगातून ते चाळणीपर्यंत जसेच्या तसे पोहोचतात. भिंतीवरच्या फलकांचा काहीही उपयोग झाला नाही. ताटे परत देण्याच्या जागी सत्राचे पहिले दोन आठवडे एक माणूस उभा केला, तेव्हा कुठे फरक पडला.

बागेतल्या कचऱ्यातून येणारा एक धोका डोळ्यांना दिसत नाही. हिरवळीवरील तण मारण्यासाठी फवारलेले क्लोपायरालिडसारखे तणनाशक ढिगाच्या उष्णतेतही टिकते आणि अशा खताने शेंगवर्गीय रोपे व टोमॅटोची पाने वाकडीतिकडी होतात. म्हणून गवत घेण्यापूर्वी फवारणी कधी व कशाची झाली, हे मी माळीकाकांना विचारतो आणि तयार खतात दरवेळी घेवड्याचे चार दाणे पेरून पाहतो.

सुट्टी लागली की खानावळ बंद होते आणि ढिगाला नवे काही मिळत नाही. ते एका अर्थी बरेच असते, कारण तापून निवलेल्या खताला मुरायला काही आठवडे शांतपणे पडून राहावेच लागते. या वर्षी सुट्टी सुरू झाली, तेव्हा चारांपैकी तीन पिंजरे रिकामे होते. पानगळ सुरू व्हायला अजून वेळ आहे आणि खानावळ त्याआधीच उघडणार आहे, त्यामुळे सध्या मी आवारातील सुतारशाळेच्या भुशावर नजर ठेवून आहे.