कट-ऑफच्या पुढे काय होतं?

लो-पास फिल्टरचं, म्हणजे कट-ऑफ या ठराविक फ्रिक्वेन्सीच्या वरचे सिग्नल दाबणाऱ्या सर्किटचं, कट-ऑफ काढायचं सूत्र मला तोंडपाठ होतं: एक भागिले दोन पाय आरसी (आर म्हणजे रेझिस्टर, सी म्हणजे कपॅसिटर). १० किलोओहमचा रेझिस्टर, १० नॅनोफॅराडचा कपॅसिटर, कट-ऑफ साधारण १.६ किलोहर्ट्झ. पेपरात एवढ्यावर मार्क मिळतात. पण त्या १.६ किलोहर्ट्झच्या पुढच्या सिग्नलचं काय होतं, हे कळलं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये. मोटरच्या बेअरिंगचा आवाज मायक्रोफोनने टिपून त्यावरून बिघाड ओळखायचा होता, आणि हवा असलेला भाग दीड किलोहर्ट्झच्या आतच होता.

सरांना शंका विचारल्या तर म्हणाले, "आधी ग्राफ काढ, मग बोलू." पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून सुटे भाग आणले, ब्रेडबोर्डवर सर्किट जोडलं, फंक्शन जनरेटरवरून १ व्होल्टची साइन वेव्ह दिली आणि सीआरओवर, म्हणजे सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर, आउटपुट बघत बसलो. १०० हर्ट्झला जवळजवळ पूर्ण १ व्होल्ट. १ किलोहर्ट्झला ०.८५. म्हणजे ज्याला आपण बँडविड्थच्या (फिल्टर आत सोडतो त्या पट्ट्याच्या) आतला भाग म्हणतो, तिथेच १५ टक्के गेले! १.६ला ०.७, ३.२ला ०.४५, ६.४ला ०.२४, १६ किलोहर्ट्झला ०.१.

हे आकडे सेमीलॉग पेपरवर मांडले आणि चित्र डोळ्यांसमोर आलं. आलेख कड्यासारखा तुटत नाही, घाटासारखा वळण घेत उतरतो. ०.७ व्होल्टला पॉवर निम्मी होते, म्हणून ३ डीबीची (डेसिबल, घट मोजायचं एकक) ती जागा सगळ्यांनी खूण म्हणून मानली आहे, एवढंच. पुस्तकातला 'ऑक्टेव्हला ६ डीबी' (फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की ६ डीबी घट) हा उतारही लगेच सुरू होत नाही. १.६ ते ३.२ या पहिल्या ऑक्टेव्हमध्ये जेमतेम ४ डीबी उतरतात, पुढच्यात सव्वापाच, आणि मग हळूहळू ६. बँडविड्थ एक गोष्ट सांगते, रोल-ऑफ, म्हणजे पुढचा उतार, दुसरी. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही.

प्रोजेक्टमध्ये हे फार महत्त्वाचं निघालं. आमचं सॅम्पलिंग ८ किलोहर्ट्झवर होतं, म्हणजे रेकॉर्ड करताना सिग्नल सेकंदाला ८,००० वेळा मोजला जात होता. अशा वेळी ६.४ किलोहर्ट्झचा आवाज आत शिरला, तर ८ वजा ६.४, म्हणजे बरोबर १.६ किलोहर्ट्झचं सोंग घेऊन तो रेकॉर्डिंगमध्ये बसतो. एकदा बसला की कुठलंही सॉफ्टवेअर त्याला वेगळं काढू शकत नाही. आणि आमचा साधा आरसी फिल्टर त्याचा पाव हिस्सा आत सोडत होता.

एकामागे एक दोन आरसी लावून बघितले. मध्ये बफर (दोन टप्पे एकमेकांपासून वेगळे ठेवणारं सर्किट) नसल्यामुळे दुसरी जोडी पहिलीवर लोड टाकते, आणि ३ डीबीची खूण थेट ६०० हर्ट्झच्या आसपास सरकते. उतार वाढला, पण हवा असलेला आवाजच खाल्ला गेला. मग टीएल०७२ ही ऑप-अँप (अॅम्प्लिफायर) चिप घेऊन सॅलन-की नावाचं फिल्टर सर्किट बांधलं, बटरवर्थ पद्धतीचं. ब्रिटिश इंजिनिअर स्टीफन बटरवर्थ यांनी १९३० साली मांडलेली ही रचना मला आजही अतिशय सुंदर वाटते: कट-ऑफपर्यंत आलेख शक्य तितका सपाट ठेवायचा आणि मग उतरायचं. दोन पोलच्या (पोल वाढले की उतार तीव्र होतो) फिल्टरने ६.४ किलोहर्ट्झला २४ डीबी कापले, चार पोलच्या फिल्टरने ४८.

चार पोल लावून मोकळं व्हावं असं वाटलं, पण बेअरिंगचा बिघाड म्हणजे बारीक बारीक ठोके. अचानक बदलणाऱ्या सिग्नलवर चार पोलचा बटरवर्थ सुमारे ११ टक्के उसळी मारतो आणि नंतर थोडा वेळ झुलत राहतो; दोन पोलचा साधारण ४ टक्क्यांवर थांबतो. आम्हाला ठोक्याचा आकारच तर हवा होता.

शेवटी फिल्टर दोन पोलचाच ठेवला आणि सॅम्पलिंग ४८ किलोहर्ट्झवर नेलं. आता १.६च्या आत सोंग घेऊन येऊ शकणारा आवाज ४६.४ किलोहर्ट्झपासून पुढे सुरू होतो, आणि तिथे पोचेपर्यंत हाच सौम्य उतार ५८ डीबी खाली गेलेला असतो.