चव्वेचाळीस मिलिमीटरमध्ये माणूस बसवताना

स्मारक नाण्याच्या मॉडेलचं काम हातात आलं की मी आधी जाडीचा हिशेब करते. या वेळचं माप नेहमीचंच होतं: व्यास ४४ मिमी, वजन ३५ ग्रॅम, कडेला २०० दाते. धातूत ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल आणि ५ टक्के जस्त. नव्या संसद भवनासाठी २०२३ मध्ये निघालेलं ७५ रुपयांचं नाणं याच मापाचं आहे. या मिश्रधातूची घनता साधारण ९.५ धरली तर नाण्याची सरासरी जाडी २.४ मिमीच्या आसपास येते. दोन्ही बाजूंचा सगळा उठाव एवढ्याच धातूतून निघायचा असतो. शिवाय कड सगळ्यांत उंच राहायला हवी, म्हणजे नाणी एकमेकांवर नीट बसतात आणि घासली गेली तर आधी कड घासते, चेहरा वाचतो. म्हणून चेहऱ्याचा सर्वांत उंच बिंदू मी ०.४ मिमीवर ठरवला आणि कड ०.५ मिमीवर. मॉडेल पाचपट, म्हणजे २२० मिमीचं. त्यावर हेच आकडे २ मिमी आणि २.५ मिमी होतात. पगडी, कपाळ, चष्मा, मिशी, उपरणं, सगळं दोन मिलिमीटरच्या आत.

दर्शनी बाजूला कलाकाराला फारसं काही करायचं नसतं. अशोकस्तंभाचं शीर्ष, त्याखाली सत्यमेव जयते, डावीकडे देवनागरीत आणि उजवीकडे इंग्रजीत देशाचं नाव, खाली रुपयाचं चिन्ह आणि मूल्य. हे सगळं राजपत्रात ठरलेलं. मागच्या बाजूला व्यक्तीचं अर्धचित्र, वरच्या परिघावर देवनागरी मजकूर, खालच्या परिघावर इंग्रजी आणि वर्ष. वर्षाखाली टांकसाळीच्या खुणेसाठी जागा मोकळी ठेवायची. मुंबईची खूण हिरा, हैदराबादची तारा, नोएडाची ठिपका, कोलकात्याची काहीच नाही. प्रूफ नाण्यावर, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत ठोकलेल्या नाण्यावर, मुंबईची खूण एम या अक्षराने दाखवतात. ते अक्षर हिऱ्यापेक्षा जास्त जागा घेतं, त्यामुळे जागा त्याच्या मापानेच सोडावी.

मी चेहऱ्याच्या आधी मजकूर बसवते. बरेच जण उलट करतात आणि मग अक्षरं कोंबावी लागतात. हिशेब सोपा आहे. मॉडेलवर शिरोरेषेची त्रिज्या ९८ मिमी घेतली, वरचा मजकूर १६० अंशांत बसवायचा ठरवला, तर कंसाची लांबी २७४ मिमी येते. मजकुरात शब्दांमधल्या जागा धरून २२ अक्षरं असतील तर प्रत्येकाला साडेबारा मिमी, म्हणजे नाण्यावर अडीच मिमी. पण ही रुंदी शिरोरेषेवरची. अक्षराची उंची १५ मिमी घेतली तर पायाची त्रिज्या ८३ मिमी होते आणि तिथे जागा १५ टक्क्यांनी आकसते. रोमन अक्षरांना हे फारसं जाणवत नाही. देवनागरीत मात्र काना आणि उभे दंड खाली एकमेकांकडे झुकतात, त्यामुळे ‘शताब्दी’सारख्या शब्दाच्या तळाशी गर्दी होते. संगणकात सरळ ओळ वाकवून घेतली तर शिरोरेषा ताणली जाते आणि पाय चेपले जातात. प्रत्येक अक्षर वेगळं काढून, त्याचा उभा दंड केंद्राकडे रोखून बसवावं लागतं.

वेलांटी आणि रफार कडेच्या बाजूला घुसतात, उकार आणि ऋकार चित्राच्या बाजूला. वर कडेपासून निदान ४ मिमी (नाण्यावर ०.८) मोकळे नसतील तर वेलांटी कडेत विरघळते. जोडाक्षरांतली पोकळी नाण्यावर ०.१५ मिमीपेक्षा अरुंद झाली तर बुजल्यासारखी दिसते, म्हणून मॉडेलवर ०.७५ मिमीपेक्षा बारीक फट मी ठेवत नाही. नाण्यावरचा देवनागरी मजकूर हिंदीत असतो. मराठी नावातले ऱ्हस्वदीर्घ तिथे वेगळे दिसू शकतात. आपल्या सवयीने काही दुरुस्त करायचं नाही, मंजूर मजकुराची प्रत समोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघायचं. वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हे उलट्या साच्यात कोरताना चुकणं फार सोपं असतं.

चित्रासाठी मिळालेला फोटो समोरून, फ्लॅशमध्ये काढलेला होता. अशा फोटोत नाकाची बाजू, गालफड, डोळ्याची खोबण, सगळं सपाट होतं. मी आणखी दोन फोटो मागून घेतले, एक बाजूने आणि एक बाजूच्या उजेडातला. नाण्याला बाजूचा चेहरा सगळ्यांत सोयीचा, कारण ओळख बाह्यरेषेतच असते. तीनचतुर्थांश चेहरा अवघड. अगदी समोरचा चेहरा धोक्याचा, कारण नाक हा सर्वांत उंच बिंदू होतो आणि तोच आधी झिजतो. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या भेसळीच्या चांदीच्या नाण्यांवर नाकावरची चांदी उडून आतलं तांबं दिसू लागलं आणि राजाला ‘तांब्याच्या नाकाचा’ म्हणू लागले. मी तीनचतुर्थांश चेहरा निवडला, कारण पगडीची घडण त्यातच खरी दिसते.

पगडी आणि चष्मा या आपल्याकडच्या स्मारक नाण्यांवर वारंवार येणाऱ्या गोष्टी आहेत, त्यामुळे त्यांच्याविषयी थोडं सविस्तर. पगडीचे पीळ प्रत्यक्षात गोल असतात. तसेच केले तर दोन पिळांमधली खाच उभी आणि खोल होते, आणि नाण्यावर तिथे काळी रेघ उरते. मी प्रत्येक पिळाचा एक उतार लांब आणि एक आखूड ठेवते, कौलांसारखा. उजेड एका बाजूने पडला की प्रत्येक पीळ सुटा दिसतो आणि खोली मॉडेलवर अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे जात नाही. चष्म्याची काडी नाण्यावर ०.१५ मिमी होते. ती चेहऱ्यावर चिकटवलेल्या तारेसारखी केली तर पॉलिशमध्ये पुसते. म्हणून फ्रेमच्या आतल्या बाजूला भिंगाची पातळी किंचित खाली नेते. काडी मग कंगोरा म्हणून दिसते, तिला वेगळी उंची द्यावी लागत नाही. डोळा भिंगामागे असल्यामुळे बुबुळाची खाच थोडी मोठी करावी लागते, नाहीतर चष्मा दिसतो आणि नजर हरवते.

या टप्प्यावर रेखाचित्र ४४ मिमीला छापून हातभर अंतरावरून बघायचं आणि विषय माहीत नसलेल्या चारपाच जणांना ‘हे काय आहे?’ असं विचारायचं. ही पायरी कुणीही गाळू नये. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या अंगावरच्या साखळीत एक हत्ती होता. मोठ्या मॉडेलवर तो हत्तीच असणार. रुपयाच्या मापाला सोंड आणि पाय इतके आखूड दिसले की लोकांना ते डुक्कर वाटलं, भावना दुखावल्या, आणि ती नाणी मागे घेऊन १९१२ मध्ये सोंड ठळक करावी लागली. माझ्या चित्रात उपरण्याचा काठ एकीला दोरी वाटला. काठावरची नक्षी काढून दोन समांतर रेघा ठेवल्या, तेव्हा तो काठ झाला.

मग प्लास्टर. २२० मिमी व्यासाच्या, २५ मिमी जाडीच्या चकतीला साधारण ९५० ग्रॅम प्लास्टर ऑफ पॅरिस आणि ६२० मिली पाणी लागतं. मी १ किलो आणि ६५० मिली घेते. प्लास्टर पाण्यात भुरभुरायचं, पाणी प्लास्टरवर ओतायचं नाही. दोन मिनिटं भिजू द्यायचं, मग हात तळाशी ठेवून हळू ढवळायचं, म्हणजे हवा शिरत नाही. चकतीचा पृष्ठभाग मध्यभागी किंचित खोलगट करून घ्यायचा. टांकसाळीतल्या ठशाला (नाणं ठोकणाऱ्या पोलादी साच्याला) तसाच उलटा फुगवटा असतो आणि त्यामुळे धातू मधून कडेकडे सरकतो. या चकतीवर प्लॅस्टिसिनने (न वाळणाऱ्या तेलकट मातीने) चित्र उभं करते. चित्र जमलं की साबणाच्या पाण्याचे तीन हलके हात, प्रत्येक हातानंतर कोरड्या ब्रशने जादा साबण उचलायचा, आणि उलटा साचा ओतायचा. पहिला थर ब्रशने लावायचा. थेट ओतलं तर नाकपुडी आणि डोळ्याच्या कोपऱ्यात बुडबुडे अडकतात. अर्ध्या तासात प्लास्टर तापतं. ते पुन्हा गार झाल्यावरच साचा सोडवायचा. वाळवताना ४० अंशांच्या वर नेऊ नये, पृष्ठभाग खडूसारखा भुसभुशीत होतो.

अक्षरं मी या उलट्या साच्यात कोरते. उंच अक्षर घडवण्यापेक्षा खोल अक्षर कोरणं सोपं आणि कडाही स्वच्छ येतात. अक्षर आरशातल्यासारखं उलटं, शिरोरेषा उजवीकडून डावीकडे. दिवा खाली उजवीकडे ठेवला की खाचा डोळ्याला उंच दिसू लागतात आणि चूक चटकन कळते. प्रत्येक खाचेची भिंत निदान १५ अंश कलती हवी. भिंत उभी राहिली किंवा आतल्या बाजूला कापली गेली तर ठसा नाण्यातून सुटत नाही. पगडीच्या मागच्या कडेला नेमकं हेच होतं, कारण तिथे हात आपोआप आत वळतो. शेवटी उलट्या साच्यातून सुलट प्रत काढायची आणि तिच्यावर चेहरा पुन्हा हातात घ्यायचा. उलटसुलट असे तीन फेरे झाले. ०.४ मिमीपेक्षा कमी उंचीचं (नाण्यावर ०.०८) काहीही ठेवलं नाही. ठसा जास्त घासला गेला की उथळ काम आधी जातं. अमेरिकेतल्या १९३७ च्या डेन्व्हर टांकसाळीच्या काही पाच सेंटच्या नाण्यांवरचा बायसन असाच तीन पायांचा झाला.

पूर्वी इथून पुढे मॉडेल लहान करून कोरणारं जान्व्हिए यंत्र होतं. एका टोकाला मॉडेलवर फिरणारी सुई, दुसऱ्या टोकाला पोलादात त्याच हालचाली लहान करून कोरणारं पातं, आणि मध्यापासून कडेपर्यंत तासन्‌तास चालणारा चक्राकार प्रवास. आता मॉडेल स्कॅन होतं आणि सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर, कोरलं जातं. स्कॅन मॉडेलवर ०.०५ मिमीच्या बारकाईचा असावा. सॉफ्टवेअरमधलं गुळगुळीत करणारं साधन जपून वापरावं. एका क्लिकमध्ये पिळांच्या कडा गोल होतात आणि पगडी पावासारखी दिसते. उठाव घडवण्याचं आर्टकॅम हे सॉफ्टवेअर २०१८ मध्ये बंद झालं. जुन्या फाइली त्याच स्वरूपात पडून असतील तर त्यातून उठावाची माहिती वेळीच बाहेर काढून ठेवावी. शेवटचा हात ०.१ मिमी टोकाच्या शंकूसारख्या पात्याने फिरतो. त्याहून बारीक जे काही आपण कोरलं, ते पोलादात उतरतच नाही.

खरी परीक्षा चाचणीच्या ठोक्यांत होती आणि पहिल्या ठोक्यांत मॉडेल नापास झालं. गालाच्या हाडावर दोन मिलिमीटरचा खडबडीत डाग राहिला. धातूच्या कोऱ्या चकतीचा मूळ पृष्ठभाग तिथे तसाच होता, म्हणजे ठशाची ती खोली भरलीच नव्हती. कारण पलीकडच्या, दर्शनी बाजूला होतं. गालाच्या बरोबर पाठीशी सिंहांचं शीर्ष आलं होतं. दोन्ही ठशांना एकाच जागेतला धातू हवा होता. दाब वाढवला तर गाल थोडा भरतो, पण धातू कॉलर (नाण्याभोवतीचं पोलादी कडं) आणि ठशाच्या फटीतून वर निघून कडेवर पातळ धार येते, आणि ठसा तडकण्याची भीती असते. पंचम जॉर्जच्या ब्रिटिश पेनीवर हाच त्रास होता. शिल्पकार मॅकेनलने घडवलेल्या राजाच्या मोठ्या मस्तकाने इतका धातू ओढला की पाठीमागच्या ब्रिटानियावर त्याची सावली उमटायची. शेवटी मस्तकच लहान करावं लागलं.

दोन्ही बाजूंची रेखाचित्रं ट्रेसिंग पेपरवर, ठसे ज्या दिशेने बसणार त्या दिशेने एकमेकांच्या पाठीला लावून खिडकीशी धरली असती, तर हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं. आता मी हे काम मजकुराच्याही आधी करते. दुरुस्ती अशी केली: चित्र नाण्यावर ३ मिमी डावीकडे सरकवलं, म्हणजे गालाच्या पाठीशी शीर्षाऐवजी मोकळी जागा आली. गालाची उंची ०.४ वरून ०.३२ मिमी केली. उंची कमी झाल्यावर चेहरा सपाट वाटू नये म्हणून जबड्याची आणि नाकाची कड जरा धारदार केली आणि कपाळावरचा उतार लांबवला. डोळा उंची मोजत नाही, उतारावरचा उजेड बघतो, त्यामुळे ०.०८ मिमी गेल्याचं कुणाला कळलं नाही. चित्र सरकल्यावर डावीकडे वेलांटी आणि पगडी यांच्यातलं अंतर कमी झालं, म्हणून वरचा मजकूर चार अंश उजवीकडे फिरवला.

दुसऱ्या चाचणीत गाल भरला. प्रूफसाठी चित्र धुरकट आणि मोकळी जागा आरशासारखी करतात. त्यात चष्म्याच्या भिंगांचं काय करायचं हा प्रश्न आला. भिंगं चकचकीत ठेवली तर डोळ्यांच्या जागी दोन भोकं दिसत होती. ती चेहऱ्यासारखीच धुरकट ठेवायला सांगितली, काडीचा फक्त वरचा कंगोरा उजळ राहिला. मग दहापट भिंगाखाली मजकूर डावीकडून उजवीकडे एकदा आणि उजवीकडून डावीकडे एकदा वाचला, वर्षाखालची जागा मोजली, आणि सुलट प्लास्टरच्या पाठीवर तारीख, माप आणि दुरुस्तीचे आकडे पेन्सिलने लिहून ते कापडात गुंडाळून ठेवलं.