दिसतं ते सांगा, औषध नको

"बिनधास्त सांगा, मला राग येत नाही" असं बॉडीच्या फोटोबरोबर लिहून मत मागणाऱ्याला हमखास राग येतो, हे आता माझं पाठ झालंय. आज पण तेच. एका पोराने फोटो टाकला, बाथरूमचा आरसा, एका हातात मोबाईल, दुसरा हात कोपरात वाकवून बायसेप फुगवलेला, खाली फुल ट्रॅकपँट, आणि प्रश्न काय तर "काय कमी आहे?" आता भावा, अर्धं शरीर तू झाकून ठेवलंयस, कमी काय ते मी कसं सांगू. तसंच लिहिलं त्याला, जरा सौम्य करून, की पाय दिसत नाहीयेत, मोबाईल धरलेला खांदा वर चढलाय त्यामुळे डावं-उजवं सारखं आहे की नाही तेही कळत नाही, कुणाला तरी फोटो काढायला सांग नाहीतर टायमर लाव. पठ्ठ्याचं उत्तर आलं, "पाय मारतो मी, दाखवायची गरज नाही." म्हणजे पायांचा व्यायाम करतो. बरं बाबा.

पण डोक्यात तोच विषय फिरत राहिला म्हणून लिहून काढतोय.

लोक ज्याला बॉडीवरची टीका समजतात त्यातली निम्मी तर फोटोवरचीच असते. डोक्यावर एकच दिवा असेल तर छातीखाली सावली पडते, पोटाच्या खाचा खोल दिसतात, आणि तोच माणूस खिडकीकडे तोंड करून उभा राहिला की सगळं सपाट, कालचे ॲब्ज गेले कुठे असं वाटावं इतकं. वर्कआउटनंतर स्नायू फुगतात तो पंप तासाभरात उतरतो, म्हणजे लोक ज्या हाताचं कौतुक करतायत तो हात तोवर घरी पोचलेला पण नसतो. मोबाईलची लेन्स वाइड असते, जवळून काढलं तर जे पुढे असेल ते मोठं दिसणार, त्यामुळे मोस्ट मस्क्युलर पोझमध्ये हात पुढे आले की राक्षस, आणि कुणी उंचावरून काढला तर पाय एकदम काडी. दोन-तीन मीटर लांब, कंबरेच्या उंचीवर कॅमेरा, एवढं केलं तरी निम्मे वाद मिटतील. १९९३ मधले बॉडीबिल्डर डोरियन येट्सचे ते ब्लॅक अँड व्हाइट फोटो आठवतात ना, केव्हिन हॉर्टनने काढलेले, स्टेजवरचं टॅन नाही, तेल नाही, काही नाही, तरी लोक आजही ते बघून गप्प होतात. आता येट्स होताच तसा, सहा वेळा मिस्टर ऑलिंपिया, म्हणजे बॉडीबिल्डिंगची सगळ्यात मोठी स्पर्धा, उगाच नाही जिंकला, पण रंग काढून टाकल्यावर उरलेल्या सावल्यांनी काय काम केलंय तेही बघा एकदा. आणि मग स्वतःचा ट्यूबलाइटखालचा सेल्फी त्याच्या शेजारी ठेवून रडू नका.

फोटो झाला की मग पोझ, आणि इथे तर भयंकर गोंधळ आहे. मागे एका मुलाने पाठीचा फोटो टाकला होता, रिअर लॅट स्प्रेड, म्हणजे पाठ पसरून मागून दाखवायची पोझ. पाठ अरुंद दिसत होती, यात वाद नव्हता, सगळ्यांनी तेच लिहिलं. पण पुढे? एक म्हणतो पुल-अप्स वाढव, दुसरा म्हणतो पुल-अप्सने काही होत नाही बार्बेल रो कर, तिसऱ्याने डेडलिफ्ट आणलं, चौथ्याने जेनेटिक्स म्हणून विषयच संपवला आणि मग ते चौघं एकमेकांतच भांडत बसले, तो बिचारा फोटोवाला बाजूलाच राहिला. मग एका जुन्या स्पर्धकाने एकच ओळ लिहिली, "खांद्याची पाती जवळ खेचतोयस, ती लांब कर, कोपर पुढे घे." संपलं. त्या मुलाने त्याच दिवशी परत फोटो काढला, तेच शरीर, तीच भिंत, तीच चड्डी, आणि पाठ अशी उघडली की आधीच्या चौघांचा आवाजच बंद. लॅट स्प्रेडमध्ये पाती एकमेकांपासून लांब सरकवायची असतात, नवीन माणूस मात्र "पाठ टाइट कर" म्हटलं की ती जवळ आणतो, आणि असलेली रुंदी पण गिळून टाकतो. शिवाय मागच्या पोझमध्ये एक पाय मागे चवड्यावर टेकवून पोटरी आवळायची असते, ते तर कुणाच्या लक्षातच नसतं, सगळा जोर वर आणि पाय आपले बसस्टॉपवर उभे असल्यासारखे.

तेव्हापासून माझं एक मत बनलंय ते असं की लोकांना दिसतं बरोबर, पण ते कारण चुकीचं सांगतात. पाठ अरुंद दिसतेय हे चौघांनाही बरोबर दिसलं होतं, उपाय मात्र चौघांचे चार आणि चारही भलतीकडचे, कारण उपाय सांगताना माणूस समोरच्याकडे बघतच नाही, स्वतःला कशाने फरक पडला तेच सांगत असतो. त्यामुळे मी आता दुसऱ्याला लिहिताना शक्यतो दिसतं तेवढंच लिहितो. "साइड चेस्ट पोझमध्ये मांडीची मागची बाजू सैल दिसतेय" एवढं. हॅमस्ट्रिंग कमी आहे की आवळायची राहिली की कॅमेऱ्याचा कोन, ते त्याला माहीत, नाहीतर त्याच्या कोचला.

माझ्या वाट्याला आलेलं पण लिहितो. समोरून काढलेल्या माझ्या फोटोवर एकाने लिहिलं, "कंबर जाड आहे, वरचं सगळं वाया." वाचल्यावर पहिला विचार काय, हा कोण टिकोजीराव, आणि दुसरा विचार म्हणजे लगेच त्याचे जुने फोटो शोधून त्याची कंबर बघणे. (बारीक होती. तेच जास्त लागलं.) मग लोक सरसावले, स्क्वॉट बंद कर, साइड बेंड्स बंद कर, रोज व्हॅक्यूम (पोट आत ओढून धरणं) कर, एकाने तर कंबरेला पट्टा बांधून झोपायला सांगितलं. आता माझं कंबरेचं हाडच रुंद आहे, ते काय छिन्नीने तासू? पण दोन दिवस शिव्या घालून झाल्यावर परत फोटो बघितला तेव्हा तो म्हणाला ते खरंच दिसत होतं, नाही असं नाही. हाड बदलणार नाही, पण कंबर जाड दिसणं हे कंबरेवरच कुठे अवलंबून असतं, साइड डेल्ट (खांद्याची बाहेरची बाजू) आणि लॅट (पाठीचे बाजूचे स्नायू) वरून रुंद झाले की तीच कंबर बारीक वाटायला लागते, सगळा प्रमाणाचा खेळ. आणि सरळ पुठ्ठ्यासारखं उभं राहण्यापेक्षा कंबरेतून थोडं वळलं तरी फरक पडतो. फ्रँक झेन १९७७ ते ७९ सलग तीन ऑलिंपिया जिंकला, नव्वद किलोच्या आतलं वजन घेऊन, त्याच्यापेक्षा कितीतरी जाडजूड लोक शेजारी उभे असताना. त्याचे पोझेस बघा, ते वळणं, ते पोट आत ओढून धरणं, कुठली रेष दाखवायची आणि कुठली लपवायची ते त्या माणसाला पक्कं माहीत होतं. असो, मी काही झेन नाही. पण आता माझे लॅटरल रेझेस (साइड डेल्टचा व्यायाम) आठवड्यात जास्त होतात आणि त्याचं श्रेय त्या टिकोजीरावालाच जातं, त्याला अजून सांगितलेलं नाही, सांगणार पण नाही.

ट्रॅकपँटवाल्या पोरावरून अर्नोल्ड श्वार्झनेगरचा किस्सा आठवला, सगळ्यांनी ऐकलेलाच आहे, पोटऱ्या कमी होत्या म्हणून त्याने व्यायामाची पँटच गुडघ्याखाली कापून टाकली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू देत आणि आपल्याला लाज वाटू दे. आपण सगळे नेमकं उलटं करतो. खांदे चांगले तर समोरून फोटो, पाय नाहीत तर कंबरेपर्यंत क्रॉप, आणि मग म्हणायचं प्रामाणिक मत द्या. मला विचाराल तर पाठीचा आणि पायांचा फोटो टाकणाऱ्यालाच खरंच काहीतरी ऐकायचं असतं. बाकीच्यांना "आग लावलीस भाई" हवं असतं, आणि ते द्यावं की, त्यात काय वाईट आहे, त्याने पण मेहनत केलीच आहे. फक्त मग तसं म्हणावं, टीका मागू नये.

काही गोष्टी मात्र मी बघूनही लिहित नाही. ॲब्ज वाकडेतिकडे आहेत, सहा ऐवजी चारच ठोकळे दिसतात, बायसेपला पीक (टोकदार उंचवटा) नाही, पोटरीचा मसल वरच संपतो. पोटावरचे ते ठोकळे स्नायूला आडवे छेदणाऱ्या पट्ट्यांमुळे पडतात, जन्मतः जसे आहेत तसे, कितीही क्रंचेस मारले तरी त्यांची जागा सरकत नाही. मग ते सांगून साधायचं काय? त्याला आरशात रोज दिसतंच ते. तरी लोक लिहितात, वर हसण्याचं चिन्ह. तसंच फोटो बघून बॉडी फॅट सांगणारे, "१४ टक्के आहेस", अरे चरबी मोजणाऱ्या डेक्सा मशीनचा आकडा पण पाणी कमी-जास्त झालं की हलतो, तुला पिक्सलमधून कळलं? नॅचरल आहे की नाही ठरवणारे त्यांच्याही पुढचे. १९९५ च्या एका अभ्यासात स्टेरॉइड न घेणाऱ्यांचा एफएफएमआय (उंचीच्या मानाने चरबी सोडून उरलेलं वजन) साधारण २५ पाशी थांबलेला दिसला होता, तो आकडा घेऊन हे कोर्ट चालवतात. त्यात उंची अंदाजाने, वजन अंदाजाने, फॅट अंदाजाने, आणि निकाल एकदम ठाम. बायकांच्या फोटोंवर तर काय लिहितात ते इथे लिहायची माझी इच्छा नाही, "पुरुषी दिसतेस" ही त्यातली सगळ्यात सभ्य ओळ, आणि ती लिहिणाऱ्याला पोझ कुठली चाललीय तेही माहीत नसतं.

स्टेजवर निदान एक बरं असतं, शेजारी दुसरा उभा असतो. जज काय करतात, तर लायनीत उभ्या असलेल्यांना क्रम लावतात, पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो जिंकला. तुझी छाती दहापैकी किती असं तिथे कुणी विचारतच नाही, याच्यापेक्षा बरी की नाही एवढंच. फोटोत माणूस एकटा. मग बघणारा मनातल्या मनात शेजारी कुणालातरी उभा करतो, बहुतेक वेळा ऑलिंपियावाल्यालाच, आणि दोन वर्षं जिम केलेल्या पोराला सांगतो की क्वाड्सना सेपरेशन नाही, म्हणजे मांडीचे पुढचे स्नायू वेगवेगळे उठून दिसत नाहीत. शेजारी उभा करायचाच तर त्याचाच जुना फोटो करा ना, तीच जागा, तोच उजेड, सकाळची तीच वेळ, तीच पोझ. मी तर आता जुना फोटो सोबत नसेल तर आधी तोच मागतो, आणि गंमत म्हणजे दोन फोटो शेजारी ठेवले की बऱ्याच जणांना माझ्या मताची गरजच उरत नाही, त्यांचं त्यांनाच दिसतं.

राहिला तो दुसरा मुलगा, खरं तर त्याच्यामुळेच आज लिहायला बसलो, ट्रॅकपँटवाला निमित्त. हा वेगळाच. चांगला सुकलेला, म्हणजे चरबी उतरलेला आहे, खांदे भरलेले, पाठीवर खालपर्यंत रेषा, आणि तरी आठवड्याला फोटो पाठवतो की सांगा ना कुठे कमी आहे, अजून लहान दिसतो ना मी. आधी मी रिअर डेल्टबद्दल (खांद्याची मागची बाजू) एकदा लिहिलं होतं, खरोखर तेवढंच दिसलं होतं, तर पुढच्या फोटोत फक्त रिअर डेल्ट, चार कोनांतून. मित्रांबरोबर पोहायला जायचं टाळतो म्हणे, शर्ट काढायला लागतो म्हणून. म्हणजे अनोळखी माणसांना उघड्या अंगाचे फोटो आणि ओळखीच्यांसमोर हुडी. याला नाव आहे, मसल डिस्मॉर्फिया, १९९७ पासून हेच नाव आहे आणि २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या यादीमध्ये बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डरखाली त्याची नोंद पण आहे. त्याला तेच आहे की नाही हे मी फोटोवरून ठरवणार नाही, वर बॉडी फॅटवाल्यांना एवढं बोललो तर निदान तेवढी तरी लाज बाळगतो. पण याला अजून एक उणीव काढून देणं मला जमणार नाही, खरी असली तरी, कारण तो ती घेऊन काय करतो ते बघितलंय.

म्हणून आज त्याला दोन गोष्टी लिहिल्या. एक, हे जे सारखं लहान दिसतोय असं वाटतं ते माझ्यासारख्या जिमवाल्याशी न बोलता एखाद्या काउन्सेलरशी एकदा बोलून बघ, मी पण गप्पा मारायला आहेच पण फोटोशिवाय. ते वाचून त्याने फक्त "हम्म" पाठवलं. आणि दुसरं, की मसल आठवड्यात बदलत नाही, बदलतं ते पाणी आणि उजेड, त्यामुळे पुढचा फोटो तीन महिन्यांनी पाठव, मधे नको. यावर मात्र लगेच उत्तर, "महिन्याने चालेल का?" नाही म्हटलं. "दोन?" शेवटी अडीच महिन्यांवर सौदा पटला, आणि पायांचा फोटो हवाच ही अट मी वर घातली.