ग्राहकांचा डेटा सांभाळताना: आधी शोध, मग कुलूप

आमच्या ऑनलाइन व्यवसायातल्या ग्राहकांच्या डेटाची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा जो तो विचारत होता, अँटिव्हायरस कुठला घ्यायचा? मी म्हटलं, खरेदीचं नंतर बघू. आधी आपल्याकडे लोकांची कोणती माहिती आहे आणि ती कुठे कुठे पडली आहे, ते शोधू या. अख्ख्या कामात सगळ्यात किचकट हाच भाग निघाला, आणि सगळ्यात जास्त उपयोगही त्याचाच झाला.

मुख्य डेटाबेस सगळ्यांना माहीत होता. त्यातून काढलेल्या एक्सेल फाइली मात्र कुणाच्या खिजगणतीत नव्हत्या. एक मार्केटिंगच्या लॅपटॉपवर, एक डिलिव्हरीवाल्यांना पाठवलेल्या ईमेलमध्ये, एक शेअर्ड ड्राइव्हवर, तीही लिंक हाती लागेल त्याला उघडेल अशी. नोकरी सोडून गेलेल्यांचे लॉगिन चालूच होते. टेस्टिंगच्या सर्व्हरवर तर खऱ्या ग्राहकांची नावं, फोन नंबर, पत्ते होते, कारण चाचणीला खरा डेटा सोयीचा पडतो. पुढच्या दाराला तीन कुलपं आणि मागचं दार सताड उघडं, असा सगळा प्रकार.

मग छाटणी. जन्मतारीख कशाला घेतो? वाढदिवसाच्या ऑफरसाठी, जी कधी गेलीच नव्हती. फॉर्ममधून तो रकाना काढला आणि जुन्या नोंदीही पुसल्या. विक्री विभागाने बरीच हुज्जत घातली, पण जे आपल्याकडे नाहीच ते चोरीला जाणार कसं, यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. कार्डाचा पूर्ण नंबर पेमेंट गेटवेकडेच, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेकडेच, राहू दिला. आमच्याकडे फक्त टोकन, म्हणजे कार्ड नंबराच्या जागी वापरायचा सांकेतिक क्रमांक, आणि शेवटचे चार आकडे. व्यवहार मंजूर झाल्यावर सीव्हीव्ही, म्हणजे कार्डावरचा गुप्त क्रमांक, साठवायला पीसीआय डीएसएस या कार्डसुरक्षेच्या मानकाच्या नियमांत मनाईच आहे.

पासवर्डच्या बाबतीत अडचण वेगळी होती. जुन्या टेबलमध्ये ते एमडी५ या पद्धतीने हॅश केलेले, म्हणजे उलट वाचता न येणाऱ्या खुणेत बदललेले होते. एमडी५ इतकं वेगवान आहे की टेबल हाती लागलं तर चोर सेकंदाला अब्जावधी अंदाज करून बघू शकतो. बीक्रिप्ट ही हॅशची दुसरी पद्धत मुद्दाम संथ ठेवलेली आहे आणि प्रत्येक पासवर्डला वेगळा सॉल्ट, म्हणजे कशाही निवडलेल्या अक्षरांची जोड, लावते. पण मूळ पासवर्ड आपल्याला माहीतच नसतात, मग बदल करायचा कसा? आम्ही जुन्या हॅशवरच बीक्रिप्ट चढवलं आणि जुना रकाना काढून टाकला. ग्राहक पुढच्या वेळी लॉगिन करेल तेव्हा त्याच्या खऱ्या पासवर्डचा थेट बीक्रिप्ट हॅश होईल, अशी सोय केली. कुणाला काही कळलं नाही, कुणाचं काही अडलं नाही.

कर्मचाऱ्यांसाठी लॉगिनचा दुसरा टप्पा फोनवरच कोड तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा ठेवला. सिम स्वॅप करून, म्हणजे दुसऱ्याचा नंबर फसवून आपल्या सिमवर घेऊन, एसएमएसवरचा ओटीपी पळवता येतो, म्हणून एसएमएस नको. बाहेरच्या एजन्सींनाही हाच नियम लावल्यावर कुरकुर झाली. तेव्हा बैठकीत 'टार्गेट' या दुकानांच्या साखळीचं उदाहरण दिलं. 2013 साली या अमेरिकी कंपनीत चोर शिरले ते रेफ्रिजरेशनची कामं करणाऱ्या कंत्राटदाराच्या लॉगिनवरून, आणि सुमारे 4 कोटी कार्डांची माहिती गेली. त्यानंतर विरोध मावळला.

बॅकअप 'रोज होतो' एवढ्यावर मी समाधान मानलं नाही. कोऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघितला. डेटाबेस आला, पण ग्राहकांनी अपलोड केलेल्या कागदपत्रांचा फोल्डर बॅकअपमध्ये नव्हताच! इतके दिवस हिरवी टिकमार्क दिसत होती आणि सगळे निर्धास्त होते. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, नेटवर्कवरचे बॅकअपही शोधून लॉक करतं, म्हणून आता तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक नेटवर्कपासून पूर्ण तुटलेली.

शेवटी, हल्ला झालाच तर काय, याचं एक पान तयार केलं: कुणाला फोन करायचा, कुठलं मशीन नेटवर्कवरून काढायचं, कुठले लॉग, म्हणजे सिस्टममधल्या हालचालींच्या नोंदी, पुसले जाऊ द्यायचे नाहीत. ग्राहकांना द्यायच्या पत्राचा मसुदाही तेव्हाच लिहिला. कुणीतरी त्यात 'काही तांत्रिक कारणास्तव' असं घातलं होतं. ते मी खोडलं. कोणती माहिती गेली, कधी गेली आणि ग्राहकाने आता काय करावं, एवढंच स्पष्ट ठेवलं. सिस्टम बंद पडली तरी हाताशी असावं म्हणून ते पान छापून ठेवलंय, आणि त्यावरच्या कुणी नोकरी सोडली की नंबर त्याच दिवशी बदलतो.