ओलाफ टुफ्टे यांची पंचवीस वर्षांची वल्ही

अंबाझरी आणि फुटाळ्यासारखे तलाव शहरातच असूनही आम्हां नागपूरकरांच्या गप्पांत रोइंगचा विषय क्वचितच निघतो, म्हणून नॉर्वेच्या ओलाफ टुफ्टे यांच्याविषयी आवर्जून लिहावेसे वाटते. १९९६च्या अटलांटापासून २०२१मध्ये झालेल्या टोकियोपर्यंत ते सलग सात ऑलिम्पिक खेळले. इतकी ऑलिम्पिक खेळलेला दुसरा पुरुष रोइंगपटू त्यांच्याआधी झाला नव्हता.

सिडनीत दुहेरी स्कल्सचे (दोघांनी प्रत्येकी दोन वल्ह्यांनी नाव वल्हवण्याच्या शर्यतीचे) रौप्य, नंतर अथेन्समध्ये एकेरीचे सुवर्ण. मला मात्र बीजिंगची अंतिम शर्यत सर्वांत मोठी वाटते. दोन हजार मीटरच्या त्या शर्यतीत, पोटाच्या आजाराने त्रस्त असूनही पुढे राहिलेल्या न्यूझीलंडच्या माहे ड्रायस्डेलना टुफ्टे यांनी अखेरच्या टप्प्यात गाठले आणि एकेरीचे सुवर्ण स्वतःकडेच राखले. हे सारे शेती आणि अग्निशमन दलाचे काम सांभाळून!

पुढे रिओत, वयाच्या चाळिशीत, त्यांनी क्येटिल बोर्क यांच्या जोडीने दुहेरीत कांस्यपदक मिळवले. त्याच रिओत आपल्या चांदवड तालुक्यातील दत्तू भोकनळ एकेरीत तेरावा आला होता, आणि तो निकालही मला तितकाच अभिमानाचा वाटतो.