व्याज मागितलं, तर ट्रॉल्या दाखवल्या

छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासच्या फ्लॅटचा ताबा डिसेंबरात मिळणार होता. कोणत्या डिसेंबरात, हे नोंदणीकृत करारनाम्यात छापलेलं आहे म्हणून बरं. बिल्डरचं "दिवाळीनंतर बघू, वहिनी" काही संपत नव्हतं. इकडे गारखेड्यात घरभाडं, तिकडे बँकेचा हप्ता.

शेवटी कागद घेऊन त्याच्या ऑफिसात जाऊन बसले. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियमन ठेवणारा कायदा, २०१६, कलम १८: ताबा लांबला आणि घर सोडायचं नसेल, तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मिळतं. महाराष्ट्रात दर म्हणजे स्टेट बँकेचा सर्वाधिक एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा पायाभूत व्याजदर) अधिक २ टक्के. भरलेल्या पैशांवर हिशोब करून आकडा वहीत मांडूनच नेला होता. त्याने चहा मागवला. "आपण घरचीच माणसं, व्याज काय लावता? किचनच्या ट्रॉल्या फुकट बसवून देतो." ट्रॉल्या!

म्हटलं, भाऊ, रोख नको, तुम्हाला द्यायच्या शेवटच्या हप्त्यातून वळते करा. तो अर्ध्यावर आला. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, सलोखा मंचाचं (ग्राहक-बिल्डर तडजोडीचं व्यासपीठ) नाव काढलं, तसा पाऊणवर. मी मान्य केलं. शाळा सुरू व्हायच्या आत राहायला जायचं होतं.

ताबापत्राच्या मसुद्यात मात्र बारीक अक्षरात एक ओळ सापडली: 'विलंबाबाबत खरेदीदाराची कोणतीही तक्रार नाही.' ती आधी खोडायला लावली. वळती रक्कम लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी घेतली. भोगवटा प्रमाणपत्राची (इमारत राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला) प्रत मिळाल्याशिवाय किल्ली घेणार नाही, हेही लिहून दिलं. आता नळाचं कनेक्शन येईपर्यंत टँकर कोणाच्या खर्चाने, यावर वाजतंय.